गाडीतली गायिका दारात का उभी राहते?

रत्नागिरीतल्या एखाद्या जुन्या घराच्या ओटीवर किंवा देवळाच्या सभामंडपात ध्वनिक्षेपकाविना गाण्याची बैठक रंगली, की समोर बसलेल्या श्रोत्याला डोळे मिटूनही बैठकीची मांडणी सांगता येते. गायिका मध्यभागी. तिच्या उजव्या हाताला, म्हणजे श्रोत्यांच्या डावीकडे तबला. दुसऱ्या हाताला संवादिनी. मागे जरा अंतरावर तानपुरे. सूर एकमेकांत मिसळत असले तरी प्रत्येकाची जागा पक्की असते. तबल्याची थाप संवादिनीच्या बाजूने आल्याचा भास कोणाला होत नाही.

आता अशाच एखाद्या बैठकीचे उत्तम ध्वनिमुद्रण घेऊन तोच श्रोता दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीने हातखंब्याकडे निघाला आहे, असे समजू. मारुती मंदिराचा चौक मागे पडला आहे, काचा वर आहेत, म्युझिक सिस्टीमही चांगल्या कंपनीची आहे. पण गायिका उजव्या दारात, चालकाच्या गुडघ्यापाशी उभी राहून गात असते. संवादिनीही तिथेच. तबला डावीकडे कुठेतरी पुसट ऐकू येतो आणि तानपुरे थेट डोक्यामागून झंकारतात. आवाज वाढवला तर सगळेच मोठे होते, जागा मात्र बदलत नाहीत. अशा वेळी बहुतेक गाडीमालक एकच निष्कर्ष काढतात: स्पीकर हलके आहेत, आणखी भारी बसवायला हवेत. दुकानदारालाही तो निष्कर्ष गैरसोयीचा नसतो. वस्तुतः दोष बहुधा स्पीकरचा नसतोच. चालक दोन स्पीकरांच्या मध्यावर बसलेला नाही, एवढेच त्याचे कारण असते; आणि मोजपट्टी, थोडे गणित व स्वतःचे कान यांच्या साह्याने ते बरेचसे दूर करता येते.

ध्वनिक्षेत्रातील मंडळी ज्याला साउंड स्टेज म्हणतात, त्याला मराठीत ध्वनिमंच म्हणायला हरकत नाही. दोन स्पीकरांतून येणाऱ्या आवाजामुळे श्रोत्यापुढे जो काल्पनिक रंगमंच उभा राहतो, तो हा ध्वनिमंच. त्याला रुंदी असते, उंची असते आणि चांगल्या मुद्रणात खोलीही असते. त्या मंचावर प्रत्येक वाद्य नेमक्या जागी भासणे ही त्याची खरी कसोटी. गाड्यांतील ध्वनियंत्रणांच्या स्पर्धा अमेरिकेत १९८० च्या दशकात सुरू झाल्या. अशा स्पर्धांत परीक्षक गाडीत बसून ऐकतात आणि केवळ सुरांच्या शुद्धतेला नव्हे, तर या मंचाच्या मांडणीलाही गुण देतात.

मंचाची ही कल्पना मोटारीसाठी जन्माला आलेली नाही. ॲलन ब्लुमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने डिसेंबर १९३१ मध्ये दोन ध्वनिमार्गांच्या मुद्रणासाठी पेटंटचा अर्ज केला. पडद्यावरचा नट एका टोकाला चालत गेला तरी त्याचा आवाज मात्र एकाच जागेवरून येतो, ही चित्रपटगृहातली विसंगती त्याला खटकली होती, असे सांगतात. पुढे २७ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तीन स्वतंत्र मार्गांनी वॉशिंग्टनच्या सभागृहात पोहोचवून तिथल्या श्रोत्यांना ऐकवला. या साऱ्या विचारामागे एक गृहीत होते: मंच समोर आहे आणि श्रोता त्याच्यापुढे, साधारण मध्याजवळ, बसला आहे. मोटारीत नेमके हेच गृहीत कोलमडते.

आधी येईल त्याची दिशा

माडाच्या बागेतून चालताना मागे उजवीकडे नारळ पडला, तर मान आपोआप त्याच बाजूला वळते. उजव्या कानाला तो आवाज आधी आणि किंचित मोठा ऐकू आलेला असतो. डाव्या कानाला क्षणभर उशिरा. हा क्षण फारच लहान असतो. सेकंदाचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिसेकंद. आवाज अगदी एका बाजूने आला, तरी दोन्ही कानांतील अंतर त्या एका मिलिसेकंदाच्या सुमारे दोन-तृतीयांशापलीकडे जात नाही. तेवढ्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार खालच्या कंपनसंख्येच्या आवाजांची दिशा मुख्यतः वेळेच्या फरकावरून, तर वरच्या कंपनसंख्येच्या आवाजांची दिशा तीव्रतेच्या फरकावरून ओळखली जाते.

स्टिरिओ ध्वनी हा या क्षमतेला दिलेला एक गोड चकवा आहे. दोन स्पीकरांतून एकच आवाज, एकाच वेळी आणि सारख्याच तीव्रतेने आला, तर मेंदू त्यांना दोन मानत नाही. तो आवाज दोहोंच्या बरोबर मध्ये, जिथे प्रत्यक्षात काहीच नाही, अशा जागेवरून येतो आहे असे त्याला वाटते. ध्वनिमुद्रणातली गायिका मध्यभागी उभी राहते ती अशी. एका बाजूचा आवाज मिलिसेकंदाच्या काही अंशाने लवकर आला, की ही प्रतिमा त्या बाजूला सरकू लागते. फरक एक मिलिसेकंदाच्या आसपास पोहोचला, की ती सरळ त्या स्पीकरवर जाऊन बसते. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये दाखवून दिले, की काही मिलिसेकंदांनी उशिरा येणारा आवाज पहिल्यापेक्षा दहा डेसिबलपर्यंत मोठा असला, तरी दिशा पहिल्याचीच मानली जाते. ‘आधी बोलेल त्याचे खरे’ असा कानांचा एकतर्फी न्याय आहे.

उजव्या आसनाचे गणित

भारतात चालक उजवीकडे बसतो. परदेशी पुस्तकांतल्या बहुतेक आकृत्या डाव्या आसनाच्या असतात. त्या पाहून जुळवणी करणारा कारागीर कधी कधी नेमका उलटा आकडा भरून मोकळा होतो, म्हणून हे मुद्दाम सांगायचे.

एखाद्या लहान हॅचबॅक गाडीत चालकाच्या डोक्याच्या मध्यापासून उजव्या दारातील स्पीकर ९० सेंटीमीटरवर आणि डाव्या दारातील १४० सेंटीमीटरवर आहे, असे धरू. प्रत्येक गाडीत हे आकडे निराळे असतील, पण प्रमाण साधारण असेच असते. तीस अंश सेल्सिअस तापमानात ध्वनी सेकंदाला सुमारे ३४९ मीटर, म्हणजे एका मिलिसेकंदात जवळपास ३५ सेंटीमीटर जातो. दोन स्पीकरांतील पन्नास सेंटीमीटरचा फरक म्हणजे सुमारे १.४ मिलिसेकंदांचा फरक. मघाची एक मिलिसेकंदाची मर्यादा इथे केव्हाच ओलांडली गेली. गायिका उजव्या दारात जाऊन उभी राहते, त्याचे कारण एवढेच.

शिवाय जवळचा स्पीकर मोठाही ऐकू येतो. मोकळ्या जागेत ९० आणि १४० सेंटीमीटरमधला फरक सुमारे चार डेसिबलचा होतो. गाडीत काचा आणि छतावरून आवाज परत येत असल्याने तो काहीसा कमी होतो. या चुकीवर बहुतेक जण बॅलन्सचे बटण डावीकडे वळवून उपाय करतात. त्याने तीव्रता सारखी होते, पण वेळ सारखी होत नाही. गायिका दारातून निघून थोडी आत येते खरी, मात्र तिचा आवाज पसरट होतो. एक गळा असायचा तिथे दोन-तीन गळे गात असल्यासारखे वाटते.

वेळेच्या या फरकाने आणखी एक खोड निर्माण होते, आणि ती जाणकार कानांना अधिक खुपते. दोन्ही बाजूंनी येणारा एकच स्वर अर्ध्या तरंगाच्या अंतराने मागे-पुढे झाला, की तो स्वतःलाच खोडतो. पन्नास सेंटीमीटरच्या फरकात हा अपघात प्रथम घडतो तो एक मीटर तरंगलांबीच्या, म्हणजे सुमारे ३४९ हर्ट्झच्या स्वराला. योगायोग असा, की संवादिनीच्या मधल्या सप्तकातील पांढरी चार जवळपास याच कंपनसंख्येला वाजते. म्हणजे गायिका आलाप घेत वर चालली असता एका ठरावीक स्वरावर तिचा आवाज अकारण पातळ होतो आणि पुढच्या स्वरांवर पुन्हा भरून येतो. गाडीतील परावर्तनांमुळे तो अगदी नाहीसा होत नाही, पण घसरण जाणवते. श्रोत्याला वाटते, मुद्रण वाईट आहे. इक्वलायझरची ती पट्टी कितीही वर ओढली तरी उपयोग होत नाही, कारण वाढवलेला स्वरही तितक्याच जोमाने स्वतःला खोडत राहतो.

यावरचा उपाय कल्पनेत सोपा आहे: जवळच्या स्पीकरला थांबवून ठेवायचे. उजव्या स्पीकरचा आवाज १.४ मिलिसेकंद उशिरा सोडला, की दोन्ही आवाज चालकाजवळ एकदम पोहोचतात. अनेक हेड युनिटांत आणि डीएसपी या संक्षिप्त नावाने विकल्या जाणाऱ्या स्वतंत्र ध्वनिप्रक्रिया यंत्रांत टाइम अलाइनमेंट नावाची ही सोय असते. ती विकत घेऊनही वर्षानुवर्षे न उघडलेल्या गाड्या शहरात थोड्याथोडक्या नसाव्यात. आकडे भरताना मात्र एक फसगत हमखास होते. काही यंत्रे स्पीकरपर्यंतचे अंतर विचारतात. तिथे मोजलेले सेंटीमीटर जसेच्या तसे लिहायचे. काही यंत्रे विलंब विचारतात. तिथे सर्वांत जवळच्या स्पीकरला सर्वांत मोठा आकडा द्यायचा असतो. या दोहोंची गल्लत झाली, तर गायिका दारातून निघून थेट दाराबाहेर उभी राहिल्यासारखी वाटते.

डिकीत सबवूफर असेल, तर तो बहुधा सर्वांत दूर असतो. समजा, तो १८० सेंटीमीटरवर आहे. मग त्याला शून्य विलंब, डाव्या दाराला चाळीस सेंटीमीटरच्या फरकापोटी सुमारे १.१ आणि उजव्या दाराला नव्वद सेंटीमीटरपोटी सुमारे २.६ मिलिसेकंद. मे महिन्यात रत्नागिरीच्या उन्हात तापलेल्या गाडीत ध्वनीचा वेग किंचित वाढतो. पण वीस अंशांपासून पस्तीस अंशांपर्यंत गेले तरी फरक अडीच टक्क्यांच्या आसपासच पडतो. त्यासाठी ऋतूगणिक आकडे बदलत बसण्याचे कारण नाही.

मागचे स्पीकर आणि पुढचा मंच

हॅचबॅकच्या मागच्या काचेखालच्या पट्टीवर दोन मोठे लंबगोल स्पीकर बसवण्याची पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे, की त्याशिवाय सिस्टीम पूर्ण झाली असे अनेकांना वाटत नाही. ते मोठे असतात, मोकळे वाजतात आणि मागे बसलेल्यांना आवडतात. ध्वनिमंचाच्या दृष्टीने मात्र ते घातकच. गायिकेकडे पाठ करून बैठकीला बसण्याचा तो प्रकार आहे. फेडर पुढे सरकवून मागचा आवाज इतका खाली आणावा, की तो बंद केल्यावरच त्याचे असणे लक्षात यावे. एवढ्या एका कृतीने, एक पैसाही न खर्चता, अर्धा मंच पुढे येतो.

उंचीचा प्रश्न ट्वीटरशी निगडित आहे. दारातला स्पीकर पोटरीच्या उंचीवर असतो. सगळा आवाज तिथूनच आला, तर मंच जमिनीवर पसरतो. आवाजाच्या उंचीचा अंदाज कान मुख्यतः वरच्या कंपनसंख्यांवरून घेतात. म्हणून ट्वीटर आरशाच्या कोपऱ्यात किंवा डॅशबोर्डच्या टोकाला, काचेच्या बाजूला बसवला, की गाणे डॅशबोर्डच्या पातळीवर उचलले जाते. पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावर ट्वीटर बसवण्याची हौस अनेकांना असते. तिथे भोक पाडण्यापूर्वी गाडीला पडदा एअरबॅग आहे का, हे पाहणे अत्यावश्यक आहे. हल्लीच्या अनेक गाड्यांत ती छताच्या कडेने जाते आणि काहींत या खांबाच्या आवरणाखालीही तिचा भाग असतो. ती उघडण्याच्या मार्गात खिळा, स्क्रू किंवा स्पीकरची चकती असणे म्हणजे संगीतासाठी डोके पणाला लावणे होय.

खर्जाचे वागणे याच्या उलट असते. ऐंशी हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी चार मीटरहून अधिक, म्हणजे बहुतेक मोटारींच्या संपूर्ण लांबीएवढी. त्याची दिशा कानांना जवळपास कळतच नाही. म्हणून सबवूफरला साधारण ऐंशी हर्ट्झच्या खालीच रोखून धरले आणि त्यावरचा भाग पुढच्या दारांकडे सोपवला, की डिकीतला खर्ज समोरून आल्याचा भास होतो. त्याला फितूर होते ती डिकीतली थरथर. नंबरप्लेट, मागच्या काचेखालची पट्टी, डिकीत पडलेला जॅक यांपैकी काहीही वाजू लागले, की खर्ज कुठे लपला आहे ते लगेच कळते.

आधी दार, मग यंत्र

जुळवणीची सुरुवात लॅपटॉपपासून होत नाही, दारापासून होते. दाराचा पत्रा हाच स्पीकरचा खोका असतो आणि तो पातळ, भोकाभोकांचा, थरथरणारा असतो. त्यावर डॅम्पिंग शीट चिकटवली आणि मोठी भोके बंद केली, की त्याच स्पीकरचा खर्ज सुधारतो. रत्नागिरीत मात्र यात एक धोका आहे. या जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. काचेवरचे पाणी दाराच्या आत उतरते आणि दाराच्या तळाशी असलेल्या लहान छिद्रांतून बाहेर जाते. घाईत ती छिद्रे शीटने बुजवली गेली, तर दारात पाणी साठते, पत्रा आतून गंजतो आणि स्पीकरचा चुंबकही त्यातून सुटत नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत ही गंजण्याची क्रिया अधिक वेगाने होते. काम झाल्यावर काचेवर बादलीभर पाणी ओतून ते खालून निथळते का, हे पाहूनच गाडी ताब्यात घ्यावी. कागदी शंकूपेक्षा पॉलिप्रॉपिलीनचा शंकू अशा हवेत अधिक टिकतो, मग कागदाच्या गोडव्याची तरफदारी कोणी कितीही करो.

अँप्लिफायर बसवला असेल, तर बॅटरीपासून निघणाऱ्या जाड तारेवर बॅटरीच्या जवळच, एखाद्या हाताच्या अंतरात, फ्यूज हवा. तो अँप्लिफायरजवळ बसवून भागत नाही. मधली सारी तार तशीच उघड्यावर राहते आणि ती पत्र्याला घासली गेली तर आग लागू शकते. नव्या गाडीच्या मूळ तारा तोडण्यापूर्वी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात. स्पीकरकडे जाणाऱ्या तारांतूनच संकेत घेणारे अँप्लिफायर मिळतात, आणि गाडीला जुळणारे तयार जोडही बहुतेक वेळा मिळतात.

यानंतरची तपासणी साधी, पण सर्वाधिक दुर्लक्षित. एखाद्या स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या असतील, तर एक शंकू पुढे येताना दुसरा मागे जातो. अशा वेळी मध्यभाग पोकळ होतो, खर्ज उडतो आणि गायिका कुठेच उभी राहत नाही. ती गाडीभर पसरते. दीड व्होल्टचा साधा सेल स्पीकरच्या तारांना क्षणभर लावावा. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला जोडल्यावर शंकू पुढे यायला हवा. दोन्ही दारांत तो एकाच दिशेने हलला, तर जोडणी बरोबर. ट्वीटरसाठी ही युक्ती चालत नाही. तिथे तारेचा रंग पाहूनच खात्री करावी लागते. हजारो रुपयांची जुळवणी या दोन तारांच्या चुकीमुळे वाया गेलेली असते आणि दोष मात्र कंपनीला दिला जातो.

कसोटीला जुने गाणे

जुळवणी पाहण्यासाठी दुकानांत सहसा दणदणीत आधुनिक गाणे लावले जाते. मराठी घरांत याहून उत्तम साधन आधीपासूनच असते. बालगंधर्व किंवा मास्टर दीनानाथ यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आणि त्यानंतरच्या काळातलीही असंख्य भावगीते एकाच ध्वनिमार्गावर मुद्रित झालेली आहेत. त्यांत डावे-उजवे काही नाहीच. दोन्ही स्पीकरांना तंतोतंत सारखा संकेत जातो. म्हणजे नट, ऑर्गन, तबला आणि सारंगी हे सारे डॅशबोर्डवरच्या एकाच बिंदूतून ऐकू यायला हवेत. बिंदू उजवीकडे असेल, तर उजवा विलंब थोडा वाढवावा. डावीकडे गेला असेल, तर कमी करावा. बिंदूऐवजी ढग ऐकू येत असेल, तर तारा, पातळी किंवा मागचे स्पीकर यांपैकी कुठेतरी चूक आहे. कधी कधी तबकडीची खरखर दोन्ही बाजूंना पसरलेली असते आणि तिच्यामधोमध गाणाऱ्याचा गळा सुईच्या टोकाएवढा स्पष्ट उभा राहतो. तो अनुभव महागड्या चाचणी-तबकडीहून बोलका असतो. जुन्या गाण्यांची नवी वाद्ये घालून केलेली किंवा कृत्रिम रीतीने स्टिरिओ बनवलेली आवृत्ती मात्र या कामी चालत नाही.

मोजपट्टीने आलेला आकडा हा आरंभ असतो. काचेवरून, छतावरून येणारी परावर्तने आणि क्रॉसओव्हरचे स्वतःचे विलंब यांमुळे तो थोडा इकडेतिकडे करावाच लागतो. वरच्या आणि खालच्या पट्टीतले स्वर एकाच जागी येत नाहीत, असेही दिसते. पुरुषाचा आवाज मध्यभागी आणि त्यातला ‘स’कार मात्र डाव्या ट्वीटरजवळ, असे झाले तर ट्वीटरची पातळी व विलंब वेगळा पाहावा लागतो. एकदा जागा बसल्या, की मगच इक्वलायझरला हात लावावा आणि तोही शक्यतो खाली ओढण्यासाठी. गाडीची लहान पोकळी खालच्या कंपनसंख्या आपोआप फुगवते; त्या कमी केल्या, तर गळा मोकळा होतो. मोबाइलमधील ॲप आलेख काढून देते, पण मोबाइलचा मायक्रोफोन खर्जाच्या बाबतीत फारसा भरवशाचा नसतो. आलेख सपाट करण्याच्या नादात गाणे सपाट करणारे कारागीरही असतात.

शेजारच्या आसनाचे काय?

इथवरचे सारे वर्णन एका आसनापुरते आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे. चालकासाठी उजवा स्पीकर १.४ मिलिसेकंद थांबवला, की डावीकडे बसलेल्या व्यक्तीचे काय होते? तिच्याजवळचा डावा स्पीकर आधीच पन्नास सेंटीमीटर जवळ. त्यात आता उजव्याला थांबवलेले. तिच्या कानांशी फरक होतो सुमारे २.८ मिलिसेकंदांचा, म्हणजे पूर्वीच्या दुप्पट. चालकाच्या समोर बैठक जमली, तेव्हाच शेजारणीची मोडली. दोघांमध्ये निम्मा-निम्मा विलंब देण्याचा तह न्याय्य वाटतो. पण त्यात चालकाची प्रतिमा अर्धवट सरकलेलीच राहते आणि शेजारणीचीही सुधारत नाही.

स्पीकर पायापाशी, जितके पुढे आणि जितके दूर बसवता येतील तितका दोन अंतरांतला फरक कमी होतो आणि दोघांचाही त्रास घटतो. मात्र उजवीकडे ॲक्सिलरेटरच्या पायाला जागा लागते. तिथे तडजोड नको. डॅशबोर्डच्या मधोमध तिसरा स्पीकर बसवणे हा आणखी एक मार्ग आहे. १९३३ च्या प्रयोगातही मधला मार्ग होता, तो उगाच नव्हे. पण त्यासाठी मधला संकेत वेगळा काढून देणारे यंत्र लागते. नुसता स्पीकर जोडून काम होत नाही. सर्वांत व्यवहार्य उपाय स्मृतीच्या बटणांचा. एका बटणावर चालकाची जुळवणी, दुसऱ्यावर विलंबाविना, मागचे स्पीकर थोडे उघडलेली सर्वांची जुळवणी. मुंबईला एकट्याने जाताना पहिले, गणपतीपुळ्याला घरच्यांसह जाताना दुसरे. मागच्या आसनावरच्या आजीला मंचाची खोली नको असते. तिला शब्द ऐकू यायला हवे असतात. केवळ आपल्या कानांसाठी फेडर कायमचा पुढे ठेवून तिला गप्प बसवणाऱ्या रसिकतेला काय म्हणावे, हे घरोघरच्या लोकांनी ठरवावे.

नीट जुळवलेल्या मंचाचा एक लाभ क्वचितच सांगितला जातो. शब्द आणि वाद्ये वेगवेगळ्या जागी स्पष्ट उभी राहिली, की आवाज वाढवावासा वाटत नाही. लोक आवाज वाढवतात ते बरेचदा हरवलेला गळा शोधण्यासाठी. रत्नागिरी ते मुंबई हा प्रवास सात-आठ तासांचा होतो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत, आणि पुढे प्रत्येक तीन डेसिबलला ही मुदत निम्मी: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. काचा बंद करून चढवलेली सिस्टीम ९१ चा आकडा सहज ओलांडते. आंबा घाटाच्या वळणावर समोरून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू येणे हे तर त्याहून आधीचे काम.

दुकानात, इंजिन बंद असताना केलेली जुळवणी रस्त्यावर निराळी वाटते, हेही ध्यानात ठेवावे. टायर आणि रस्त्याच्या घर्षणाचा आवाज प्रामुख्याने खालच्या पट्टीत असतो आणि तो खर्ज गिळतो. म्हणून सबवूफरची अंतिम पातळी भाट्ये पुलापलीकडे, नेहमीच्या वेगाने जाताना, शेजारी बसलेल्या माणसाकडून ठरवून घ्यावी. चालकाने चालत्या गाडीत बटणांशी खेळू नये. पावसाळ्यात टपावर सरी कोसळत असताना काहीच ठरवू नये. पाऊस संपल्यावर अँप्लिफायरच्या अर्थिंगचा नटबोल्ट उघडून गंज खरवडावा आणि पुन्हा घट्ट आवळावा. त्या सांध्यावरच्या गंजामुळेही इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिटी स्पीकरांत घुसते. आणि जुळलेले सारे आकडे, अंतरे, विलंब, पातळ्या, एका कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावेत. अनेक हेड युनिटांतल्या नोंदी बॅटरी बदलताना पुसल्या जातात, आणि गायिका पुन्हा उजव्या दारात जाऊन उभी राहते.